किरायाची खोली म्हणजे एसटीचा थांबा नव्हे

भामरागड तालुक्यात नवा माणूस नोकरीवर रुजू झाला, की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला जुन्या सहकाऱ्याकडून, चहाच्या टपरीवर: "सर, खोलीवर एक रुपया घालू नका. किरायाची आहे. बदली झाली की कुलूप लावून निघायचं." दुसरा मोबाईलवर नाहीतर रविवारच्या पुरवणीत सापडतो: 'कमी बजेटमध्ये सजवा तुमचं भाड्याचं घर'. त्यात भिंतीला चिकटवायचे नक्षीदार कागद असतात, लुकलुकत्या दिव्यांची माळ असते, बाटलीतला मनीप्लँट असतो, जमिनीवर गादी टाकून केलेली भारतीय बैठक असते आणि एका कोपऱ्याला 'ट्रायबल टच' असतो.

एक म्हणतो काहीच करू नका, दुसरा म्हणतो थोडं थोडं विकत घ्या. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण मला दोघांची चूक एकच दिसते. पहिल्याच्या लेखी घर म्हणजे मालमत्ता. सातबारा दुसऱ्याचा, मग आपण हात कशाला लावायचा? दुसऱ्याच्या लेखी घर म्हणजे माल. बाजारातून आणायचा आणि मांडायचा. त्या खोलीत रोज रात्री झोपणारा, टिनाखाली भाजणारा, डास मारणारा, शेजाऱ्याला 'या, बसा' म्हणणारा माणूस दोघांच्याही हिशेबात नाही. या दोन्ही सल्ल्यांचा प्रतिवाद हेमलकशाच्या परिसरात बसून करायचं कारण सरळ आहे. पुण्यात कोणी खोली भकास ठेवली तर नुकसान त्याचं एकट्याचं. इथे त्याचा परिणाम चार भिंतींच्या बाहेर जातो.

हेमलकसा गाव लहान. किरायाच्या खोल्या मुख्यतः पर्लकोटा नदी ओलांडून तीनेक किलोमीटरवरच्या भामरागडात, तालुक्याच्या ठिकाणी. राहणारे कोण? शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, बँकेतला कारकून, वनरक्षक, कंत्राटावरचे आरोग्यसेवक. खोल्या कशा? ओळीने बांधलेल्या, एका विटेच्या भिंतीच्या, वर टीन, रस्त्याकडे एक खिडकी, मागच्या बाजूला सामाईक मोरी. 'अपार्टमेंट' म्हणावं असं त्यात काही नाही. पण दहा बाय बारात संसार बसवायचा, घरमालकाला दुखवायचं नाही आणि पगार गावाकडे पाठवून उरेल त्यात भागवायचं, हा पेच मुंबई-पुण्याच्या वन-आरकेपेक्षा वेगळा नाही.

आता पुरवणीतले सल्ले एकेक करून या खोलीत आणून पाहू. चिकटवायचा कागद: एका विटेच्या भिंतीला पावसाळाभर ओल असते. जुलैत लावलेला कागद ऑगस्टमध्ये डिस्टेंपरच्या पोपड्यांसकट खाली येतो आणि मागे काळी बुरशी सोडून जातो. दिव्यांची माळ: पावसात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसलेल्या गावात पहिली गरज टॉर्च आणि चार्ज होणाऱ्या दिव्याची. बाटलीत मनीप्लँट: खिडकीत साचलेलं पाणी ठेवा, असं सांगणाऱ्याने मलेरियाचे आकडे पाहिलेले नसावेत. राज्यातल्या मलेरियात गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे आणि जिल्ह्यात भामरागड तालुका नेहमी पुढच्या रांगेत. झाडच हवं तर मातीच्या कुंडीत लावा.

जमिनीवरची बैठक तर कहरच. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी भामरागडच्या बाजारपेठेत पुन्हा पुन्हा शिरलं. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या जिथे भेटतात, तिथे राहणारा शहाणा माणूस सामान खाली नाही, वर मांडतो. हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याला सर्पदंशाचे रुग्ण नवे नाहीत, हे तालुक्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. अशा ठिकाणी गादी जमिनीवर टाकायला सांगणं हा सल्ला नाही, अडाणीपणा आहे.

पुरवणीची सगळी चूक क्रमाची आहे. ती शेवटापासून सुरू करते. खोली राहण्यासारखी झाली की दिसायला बरी दिसण्याचं अर्धं काम आपोआप होतं, आणि हे पहिलं काम स्वस्तही असतं. मच्छरदाणीचंच घ्या. भामरागडातल्या खोलीत सर्वांत जास्त जागा खाणारी आणि डोळ्यांत खुपणारी वस्तू कोणती, तर चार भिंतींतल्या चार खिळ्यांना चार दोऱ्यांनी टांगलेली मच्छरदाणी. सकाळी ती गुंडाळून एका खिळ्यावर अडकवतात आणि दिवसभर खोलीच्या मध्यावर मळका गोळा लोंबत राहतो. त्याऐवजी बाजेच्या चार पायांना चार उभ्या बांबूच्या काठ्या सुतळीने घट्ट बांधा, वर आडव्या चार काठ्यांची चौकट करा आणि मच्छरदाणी त्या चौकटीवर कायमची चढवा. खालच्या कडेला जुन्या लुगड्याचा काठ शिवून घ्या. काठाच्या वजनाने मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली जाते आणि डासाला फट राहत नाही. दिवसा दोन बाजू वर गुंडाळून त्याच काठाच्या पट्टीने बांधल्या, की बाजेला छत्र आल्यासारखं दिसतं. भिंतीत खिळा नाही, घरमालकाची कुरकुर नाही, बदली झाली की सुतळी सोडली आणि काठ्या बांधून घेतल्या. सजावट झाली की मलेरियाचा बंदोबस्त झाला, हे वेगळं सांगता येणार नाही. मला नेमकं तेच म्हणायचं आहे.

टिनाचंही तसंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाखालची खोली दुपारी भट्टी होते. टीन तापतं आणि ती धग सरळ डोक्यावर उतरते. टिनापासून वीतभर खाली बांबूच्या ताटव्याचं छत तारेने बांधलं, मधली हवा दोन्ही टोकांनी खेळती ठेवली आणि त्या फटींना उंदीर-साप येऊ नयेत म्हणून बारीक जाळी मारली, तर धग मधेच अडते. टिनाच्या वरच्या अंगाला पांढरा चुना फासला तर आणखी फरक पडतो. भिंतींनाही डिस्टेंपर नको, चुनाच द्या. कळीचा चुना सावधपणे विरवून रात्रभर मुरू द्यायचा, गाळून घ्यायचा, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची आणि दोन हात मारायचे. चुना ओल कोंडून ठेवत नाही, भिंतीला वाळू देतो. त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीही सहज धरत नाही. एक खिडकीच्या खोलीत तो उजेड दुप्पट करतो. महागड्या आरशाने खोली मोठी दिसते, असं पुरवणी सांगते. चुन्याने ती खरोखर मोकळी होते.

हे ऐकून टपरीवरचे सहकारी म्हणतील, "पण पैसे घरमालकाच्याच भिंतीत गेले ना?" गेले. चुन्याची पिशवी गेली. ताटवा, काठ्या, मांडणी, पडदे तुमच्याबरोबर येतात. शिवाय घरमालकाशी बोलून पुताईचा खर्च एखाद्या महिन्याच्या किरायातून वळता करून घेणं हे काही जगावेगळं नाही. बोलायचंच नाही, असं मात्र आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

"घरमालक काय म्हणेल?" ही भीतीही गरजेपेक्षा मोठी आहे. मुख्यतः शहरांसाठी केलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येईल, असं कलम १६ म्हणतं. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी आवश्यक असलेली खिडकी, धुराडं ही कामं, जिथे लागेल तिथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केली, तर ती कायमचं बांधकाम ठरत नाहीत. भामरागडच्या गल्लीत कोणी कायद्याचं पुस्तक काखेत घेऊन खोली शोधत नाही, करारनामाही क्वचितच होतो. तरी त्या स्पष्टीकरणामागची समज महत्त्वाची आहे. भाडेकरूला हवा लागते, ओटा लागतो, आडोसा लागतो; तो भिंतीला टेकवून ठेवलेली ट्रंक नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं. आपल्यालाच कळायचं बाकी आहे.

आणि किरायाचं घर कोणी सजवत नाही, हे तर इतिहासालाच धरून नाही. मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान् पिढ्या लोक दुसऱ्याच्या मालकीच्या दहा बाय बारात राहिले. त्याच खोल्यांत फळीवर उतरंडीने चकचकीत पितळेची भांडी लागली, फळीला क्रोशाची झालर आली, दाराला मण्यांचं तोरण आलं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या रंगीत देवदेवता वाड्यांच्या दिवाणखान्यांइतक्याच या भाड्याच्या खोल्यांत जाऊन बसल्या. मालकी आल्यावर घर सजवू, असं ती माणसं म्हणत बसली असती तर दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य उघड्या भिंतींकडे पाहण्यात गेलं असतं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो टपरीवर ऐकू येत नाही, सभ्य माणसं हळू आवाजात घेतात. ज्या तालुक्यात मुलं कुपोषित आहेत, बाळंतिणीला खाटेवर टाकून दवाखान्यात आणावं लागतं, तिथे पडदे आणि चुना काय घेऊन बसलात? साधेपणाने राहावं. सेवेच्या जागी थाटमाट शोभत नाही.

या आक्षेपाला मी हसत नाही. पण तो साधेपणा आणि भकासपणा यांची गल्लत करतो. विदर्भातली सर्वांत साधी झोपडी कोणती, असं विचारलं तर कोणीही सेवाग्रामची बापूकुटी सांगेल. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथली घरं आसपास मिळणाऱ्या माती, बांबू, लाकूड, कवेलू यांतून उभी राहिली. त्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहननी हाताने उठावाची चित्रं काढली आहेत: ताडाची झाडं, चरखा, ॐ. आजही जाऊन पाहता येतात. इतक्या काटकसरीच्या माणसाच्या भिंतीवर ताडाचं झाड चाललं, ते तिथल्याच मातीचं होतं आणि प्रेमाने काढलेलं होतं म्हणून. मग आपल्या खोलीच्या चुन्याने सेवाभाव बाटेल कसा?

गरिबांच्या नावाने सौंदर्याला नकार देणाऱ्यांनी गरिबांची घरं जवळून पाहिलेली नसतात. इथल्या माडिया आदिवासी माणसाच्या घरात जा. सामान मोजकं, पण अंगण झाडून लख्ख, भुई सारवलेली, कुडाच्या भिंतीला मातीचा गुळगुळीत हात. तरुणांच्या केसांत फण्या, गळ्यात मण्यांच्या माळा, गावच्या सामाईक घराला, गोटुलाला, कोरीव खांब. हातात पैसा नाही म्हणून त्यांनी नक्षी थांबवलेली नाही. सजावट ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, ही कल्पना भरल्या पोटीच सुचते. खरं तर तालुक्यातली सर्वांत उदास घरं कोणाची, याचा प्रामाणिक शोध घेतला तर तो बहुधा नियमित पगार असलेल्या आपल्यासारख्यांच्या दारात येऊन थांबेल.

इथे पुरवणीवाले आनंदाने पुढे सरसावतील. "आम्ही तेच तर म्हणतो! आदिवासी कला आणा. भिंतीवर वारली काढा, कोपऱ्यात बांबूचा दिवा ठेवा. स्वस्तात मस्त." थांबा. वारली चित्र महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचं, डहाणू-तलासरीकडचं. लग्नघरात सवासिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. ती सजावट नव्हे, विधी आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली, जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिचा मान तिला मिळावा. पण माडियांच्या गावात राहून, शेजारच्या घरात काय आहे हे न पाहता, 'आदिवासी' म्हणून वारलीचं स्टिकर भिंतीला लावायचं म्हणजे अकोल्याच्या घरात 'ग्रामीण मराठी' म्हणून कोळीवाड्याची होडी टांगणं. सगळे आदिवासी एकच, हा समज त्या चार-दोन रेघोट्यांतून रोज पक्का होत जातो.

बांबूबद्दलही बोलायला हवं. पुरवणीच्या भाषेत बांबू हे 'स्वस्त, इको-फ्रेंडली मटेरियल'. गडचिरोलीत बांबू हा वर्षानुवर्षं भांडणाचा विषय राहिला आहे. कागद गिरण्यांना तो जंगलभर मिळायचा आणि गावच्या बुरडाला मोजून-मापून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. तेव्हा आठवडी बाजारात सूप, टोपली, ताटवा घेताना 'बजेट कमी आहे' म्हणून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. आपलं बजेट आवळायचं तर स्वतःच्या हौसेवर आवळावं, विणणाऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीवर नाही. घेताना पारखून मात्र घ्या. अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त, त्याला भुंगा लवकर लागतो आणि वर्षाच्या आत खाली पांढरं पीठ सांडू लागतं. वाहत्या पाण्यात भिजवून मग वाळवलेला बांबू टिकतो. हे ज्ञान विणणाऱ्याकडे असतं. विचारलं तर तो सांगतो. त्या विचारण्यातून जी ओळख होते, ती ऑनलाईन मागवलेल्या बांबूच्या दिव्याबरोबर येत नाही.

सागवानाचा मोह वेगळा. आलापल्लीचं जंगल सागासाठी नावाजलेलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते याच टापूतल्या बल्लारपूरहून. इथे नोकरीला आलेल्यांना सागाचा दिवाण घ्यावासा वाटतो. घ्यायचा तर पावती आणि वाहतूक परवान्यासकट घ्या. बिनपावतीचा दिवाण कमी बजेटात बसतो खरा, पण त्याची खरी किंमत जंगल भरतं.

आता मूळ मुद्दा. खोलीवर एक रुपया घालायचा नाही, असं ठरवलेला माणूस हळूहळू गावावरही काही घालेनासा होतो. बाजेखाली कायम भरलेली सुटकेस, भिंतीवर एका खिळ्याला शर्ट, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. अशा खोलीत शनिवारी दुपारनंतर थांबवत नाही. माणूस आलापल्लीची गाडी पकडतो. सोमवार मग मंगळवार होतो. मुख्यालयी राहण्याच्या अटीवर परिपत्रकं निघतात, घरभाडे भत्त्यावरून वाद होतात. पण माणूस ज्या खोलीत राहू शकत नाही तिथे परिपत्रकाने राहत नाही. आणि गाव हे सगळं वाचत असतं. गुरुजी थांबायला आलेत की वेळ काढायला, हे पालक गुरुजींच्या भाषणावरून ठरवत नाहीत. ओसरीवर बसायला बाज आहे का, पोरांना आत डोकावू देतात का, कुंडीत काही लावलंय का, यावरून ठरवतात.

हेमलकशाची साक्ष इथे काढायला हवी, पण जपून. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी इथे झोपडीत संसार मांडला तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात महिनोन् महिने जगाशी संबंध तुटे. जमीन सरकारने दिलेली, जंगल भोवती. २००८ च्या मॅगसेसे पुरस्कारानंतर आणि पुढे त्यांच्यावर सिनेमा आल्यावर सगळ्यांना त्यागच दिसतो. त्या त्यागाचं नाव घेऊन तीन वर्षांसाठी आलेल्या परिचारिकेला लाजवणं अन्यायाचं होईल. सगळ्यांनी आयुष्य वाहायला हवं असं कोणी म्हटलेलं नाही. पण तिथे नुसता त्याग नव्हता, संसारही होता, हे विसरू नये. मुलं तिथेच वाढली, अनाथ झालेली जंगली पिल्लं अंगणात नांदली. सोय नसलेल्या जागी त्यांनी घर केलं म्हणून दवाखाना टिकला. घर हे सेवेच्या आड आलं नाही, तिचा पाया झालं. मोठ्या माणसांकडून एवढा छोटा धडा घेतला तरी पुरे.

कोणी म्हणेल, यात सरकार सुटलं. गळकी क्वार्टर्स दुरुस्त करणं, दुर्गम भागात राहण्याजोगी घरं बांधणं हे काम कर्मचाऱ्याच्या सुतळी-चुन्यावर का ढकलायचं? ढकलू नयेच. ती मागणी लावून धरावी, संघटनेने धरावी, अर्जावर अर्ज करावेत. पण क्वार्टरची निविदा निघेपर्यंत टिनाची धग तुमच्याच डोक्यावर आहे. मागणी करणारा माणूस नीट झोपलेला असला तर मागणीला जोरच येतो.

राहता राहिली बदली. 'दोनच तर वर्षं काढायची आहेत' हे वाक्य इथे इतक्या सहज म्हटलं जातं की त्याचा हिशेब कोणी तपासत नाही. त्या दोन वर्षांची नोंद सेवापुस्तकात होते, वेतनवाढीत ती धरली जातात, लेकरांच्या उंचीत दिसतात, आपल्या वयात तर मिळवली जातातच. सगळीकडे मोजली जाणारी ही वर्षं फक्त खोलीच्या बाबतीत धरायची नाहीत, हा कुठला हिशेब?